‘पहिल्यापासून असंच आहे’: सॉफ्टवेअर टीमने रूढी कधी पाळावी, पुरावा कधी मागावा

बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यात सॉफ्टवेअर करणाऱ्या टीम बहुतेक लहान असतात. चार-पाच डेव्हलपर, एक टेस्टर आणि मोटारसायकलवरून शाखाशाखांना फिरणारा एक सपोर्टवाला. गिऱ्हाईक म्हणजे पतसंस्था, सौहार्द सहकारी, उद्यमबागेतल्या फाउंड्री आणि मशीनशॉप, साखर कारखान्यांचे वजनकाटे, वडगाव-शहापूरचे मागवाले, रविवार पेठेतले होलसेल दुकानदार. सॉफ्टवेअर दहा-पंधरा वर्षं चालतं. ते लिहिणारे तोवर पुण्याला नाहीतर बेंगळूरला गेलेले असतात आणि मागे एक वाक्य उरतं: ‘पहिल्यापासून असंच आहे की.’

या वाक्यापाशी काही जण मान डोलावून पुढे जातात आणि काही जण नवीन व्हिडिओ बघून येऊन सगळं उपटायला निघतात. दोन्हींत पैसे जातात. जुनी पद्धत हाही एक पुरावाच असतो, फक्त तो कुणी मोजलेला नसतो आणि कशाचा पुरावा ते विसरलेलं असतं. ते आठवून काढायचं, मोजता येईल तेवढं मोजायचं आणि मग ठरवायचं, एवढीच इथली रीत. आठवड्याला दोन तास दिले तर लहान टीमला ती झेपते.

आधी वही

एक आठवडा काहीही बदलू नका. फक्त ऐका. ‘असंच असतं’, ‘त्याला हात लावू नको’, ‘सर रागावतील’ असं काही कानावर आलं की ती पद्धत वहीत उतरवा. प्रत्येक ओळीला चार रकाने पुरतात: पद्धत काय, कधीपासून, कशाच्या भीतीने सुरू झाली आणि ती भीती आज आहे का. तिसरा रकाना बहुतेक वेळा कोरा राहतो. खरं काम त्याच रकान्यात आहे.

आठवड्यात पंधरा-वीस ओळी सहज होतात. शुक्रवारी सॉफ्टवेअर चढवायचं नाही. पासवर्ड दर तीस दिवसांनी बदलायचा. रविवारी रात्री डेटाबेसचे इंडेक्स, म्हणजे माहिती पटकन सापडावी म्हणून ठेवलेल्या सूची, नव्याने बांधायचे. नावं इंग्रजीतच भरायची. ओळ ऐंशी अक्षरांच्या पुढे न्यायची नाही. अमावास्येला गो-लाइव्ह, म्हणजे नवं सॉफ्टवेअर प्रत्यक्ष सुरू करणं, नको. सगळ्या एकाच मापाने मोजू नका. अमावास्येची अट पाळायला एक दिवस लागतो आणि चेअरमनसाहेब खूश राहतात, तिथे पुरावा मागत बसणं हा शुद्ध वेळेचा अपव्यय आहे.

पाडव्याची गोष्ट मात्र वेगळी. गुढीपाडवा मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत कधीही येतो, म्हणजे बरोबर मार्चअखेरच्या धांदलीत. मुहूर्त पाडव्याचाच हवा असेल तर त्या दिवशी पूजा करून एका शाखेत नवं सॉफ्टवेअर जुन्याच्या जोडीला चालवायला घ्या. जुनं बंद करायचं ते वार्षिक ताळेबंद लागल्यावर. दसऱ्यालाही तेच: कारखान्याचा गळीत हंगाम पुढे पंधरा-तीस दिवसांवर असतो, दुरुस्तीला उसंत मिळत नाही.

कायदा रूढीत मोजू नका

यादीतल्या काही ओळी रूढीसारख्या दिसतात, पण त्यांच्यामागे नियम असतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे यंत्रणांचे लॉग (कामकाजाच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस ठेवावे लागतात आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना सहा तासांत कळवाव्या लागतात. कंपनी असलेल्या गिऱ्हाइकाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी, बंद न करता येणारी सोय सक्तीची आहे. ‘लॉगचं टेबल फार फुगलंय, उडवूया’ असं कुणी म्हणालं तर आधी हे तपासा.

उलटंही घडतं. ‘ऑडिटर मागतात’ म्हणून वर्षानुवर्षं चाललेली गोष्ट कुठल्याच परिपत्रकात सापडत नाही. तेव्हा नम्रपणे विचारायचं: ‘साहेब, याचं परिपत्रक किंवा पत्र मिळालं तर फाइलला लावतो.’ कागद आला तर ती ओळ यादीतून काढून नियमांच्या फाइलला लावा. नाही आला तर ती रूढी समजून पुढच्या पायऱ्यांतून न्या.

तीस दिवसांच्या पासवर्डचं हे चांगलं उदाहरण. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये असं सांगितलं. पासवर्ड फुटल्याचा संशय असेल तेव्हाच बदलायला लावावा. त्याऐवजी तेव्हा किमान आठ अक्षरं आणि आधी फुटलेल्या पासवर्डच्या यादीशी पडताळणी सुचवली होती. कारण साधं आहे: दर महिन्याला बदल सक्तीचा केला की माणसं शेवटचा आकडा एकाने वाढवतात. शाखेत कीबोर्ड उचलून बघा, चिठ्ठी तिथेच असते. तरीही गिऱ्हाइकाला लागू असलेल्या नियमात मुदत लिहिलेली असेल तर ती पाळावीच लागते. परदेशी संस्थेची सूचना दाखवून इथला नियम मोडता येत नाही.

उगम शोधायची रीत

समजा, पासबुक छापण्याच्या कोडमध्ये प्रत्येक पासबुकानंतर पाच सेकंद थांबा अशी एक ओळ आहे. का, ते कुणालाच ठाऊक नाही. दिवसाला १२० पासबुकं छापणाऱ्या शाखेत ही ओळ ६०० सेकंद खाते, म्हणजे रोज दहा मिनिटं काउंटरपुढची रांग उभी.

पहिली पायरी गिट ब्लेम. गिट म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची (कमिटची) नोंद ठेवणारं साधन, आणि ब्लेम ही कुठली ओळ कुणी लिहिली ते दाखवणारी त्याची आज्ञा. ते नुसतं चालवलं तर बहुधा त्या माणसाचं नाव येतं ज्याने फाइलची मांडणी सारखी केली, मूळ ओळ लिहिणाऱ्याचं नाही. म्हणून ‘डॅश डब्ल्यू’ जोडा, म्हणजे मोकळ्या जागांचे बदल वगळले जातात; कोड एका फाइलमधून दुसरीत गेला असेल तर ‘डॅश कॅपिटल सी’ जोडा. त्यानेही नाही सापडलं तर गिट लॉगला ‘डॅश कॅपिटल एस’ आणि तो शब्द द्या. ज्या कमिटमध्ये तो शब्द पहिल्यांदा आला ती यादीच्या तळाशी दिसते. आपल्याकडे बरेचदा सगळा इतिहास ‘पहिली कमिट’ या एका डोंगरापाशी संपतो, कारण गिटच्या आधी काम झिप फाइलींवर चालायचं. मग जुन्या सर्व्हरवर ‘फायनल’, ‘फायनल न्यू’, ‘फायनल न्यू खरं’ असे फोल्डर उघडून तारखा लावाव्या लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण अर्ध्या तासात होतं.

दुसरी पायरी माणूस. इथे प्रश्न कसा विचारता यावर सगळं आहे. ‘काका, ही थांबण्याची ओळ काढू का?’ असं जुन्या कॅशिअरना विचारलंत तर उत्तर एकच येणार: ‘राहू दे की, चाललंय ते बरं चाललंय.’ त्याऐवजी असं विचारा:

‘काका, पूर्वी पासबुक छापताना काय त्रास व्हायचा?’

‘अरे, एकाच्या पासबुकावर दुसऱ्याच्या ओळी उमटायच्या. जुना प्रिंटर होता नव्हे काय, डॉट मॅट्रिक्सचा.’

सापडलं. जुन्या प्रिंटरचा बफर (छापायचा मजकूर थोडा वेळ ठेवायची जागा) लहान, छापून झालं की नाही हे तो कळवायचा नाही, म्हणून कुणीतरी अंदाजाने पाच सेकंद घातले. आता वहीचा चौथा रकाना भरता येतो: नवे प्रिंटर छपाई पूर्ण झाल्याचं कळवतात, पण दोन शाखांत जुना प्रिंटर अजून आहे. म्हणजे भीती निम्मी गेली, निम्मी शिल्लक.

ओळ पुसू नका. आकडा कोडमधून काढून शाखेच्या सेटिंगमध्ये न्या. मग पाचाचे दोन, दोनाचे शून्य, प्रत्येक टप्पा एक आठवडा. चाचणीला शाखा निवडायची ती सगळ्यात जुनाट यंत्र असलेली. मुख्य शाखेतल्या नव्या प्रिंटरवर पास झालेली चाचणी काहीच सांगत नाही. चुकून छापलेल्या प्रत्येक पासबुकाला कॅशिअरने वहीत एक रेघ ओढायची, बस्स.

आठवड्यात ७२० पासबुकं छापली आणि एकही रेघ नाही, तर चूक शून्य आहे असं म्हणता येत नाही. तिनाचा नियम वापरा: एकही बिघाड न होता जितक्या वेळा काम झालं, त्या संख्येने तिनाला भागा. ३ भागिले ७२० म्हणजे सुमारे ०.४ टक्के. खरा दोष हजारात चारांपेक्षा जास्त नाही, असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. हजारात चार पासबुकं पुन्हा छापणं परवडतं का, हे गिऱ्हाईक ठरवेल. हाच नियम ‘आमच्या गेल्या दहा रिलीझ सुरळीत गेल्या’ या बढाईला लावून बघा: ३ भागिले १०, म्हणजे दर शंभरात तीस रिलीझ बिघडण्याची शक्यताही अजून शिल्लक आहे.

नावं इंग्रजीतच का?

सीमाभागातल्या सॉफ्टवेअरमधली ही सगळ्यात चिवट रूढी. सभासदाचं नाव रेशनकार्डावर कानडीत, जुन्या पासबुकावर मराठीत, बाकी कागदांवर इंग्रजीत. आणि सॉफ्टवेअर म्हणतं इंग्रजीतच भरा. ‘पाटील’ तीन तऱ्हेने टाइप होतं आणि एकाच माणसाची तीन खाती निघतात.

रूढी उगाच पडलेली नाही. युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांना एकच कोड देणाऱ्या मानकाच्या) आधी मराठी आणि कानडी फॉन्टमध्ये अक्षरं दिसायची देशी, पण साठायची इंग्रजी अक्षरांच्या कोडमध्ये. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच नावं गिचमिड दिसायची. तेव्हा इंग्रजीचा आग्रह शहाणपणाचा होता. ते कारण आता गेलं. पण दुसरी कारणं उरली आहेत का, ते एकेक मोजून बघावं लागतं.

जागा: यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरी किंवा कानडी प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘लक्ष्मीबाई’ डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, पण मोजा: ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, दीर्घ वेलांटी, ब, काना, ई. दहा चिन्हं, तीस बाइट. ‘लक्ष्मीबाई परशराम पाटील’ हे पूर्ण नाव मधल्या दोन मोकळ्या जागा धरून २३ चिन्हं आणि ६५ बाइट होतं. ओरॅकल डेटाबेसमध्ये व्हारकॅर-२ या मजकुराच्या कॉलमची लांबी मुळात बाइटमध्ये धरली जाते, म्हणून ‘नावाला ५० पुरे’ ही रूढी तिथे फसते: हे नाव घुसतच नाही, एरर येतो. कॉलम बनवताना लांबी चिन्हांत हवी असं स्पष्ट लिहावं लागतं. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस हे डेटाबेस लांबी चिन्हांतच मोजतात, तिथे पन्नास पुरतात.

शोध: ‘कुऱ्हाडे’ मधला ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर खास ‘ऱ’ अक्षर उमटतं, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे, डेटाबेसला दोन वेगळी नावं. साठवण्याआधी सगळं एकाच रूपात आणणारं फंक्शन लिहिल्याशिवाय मराठी शोध सुरू करू नका. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण तो अदृश्य जोड काढत नाही, तो नियम हातानेच घालावा लागतो.

क्रम: नुसत्या कोडच्या क्रमाने यादी लावली तर ‘ळ’ हा ‘ल’ च्या लगेच नंतर येतो. मराठी वर्णमालेत तो ‘ह’ नंतर. सभासद यादी छापून चेअरमनांच्या हातात जाण्याआधी मराठी कोलेशन (क्रम लावायचे नियम) लावून बघा.

एसएमएस: इंग्रजी संदेशात १६० अक्षरं मावतात, मराठीत ७०. संदेश लांबला की तो तुकड्यांत जातो आणि प्रत्येक तुकड्यात मराठीची ६७ च चिन्हं बसतात. ‘आपल्या खात्यात रुपये ५००० जमा’ ला खातं क्रमांक, तारीख, शिल्लक आणि संस्थेचं नाव जोडलं की दोन तुकडे होतात आणि बिल दुप्पट. इथे रूढीची बाजू खरोखर भक्कम आहे.

म्हणून निर्णय एका शब्दात ‘मराठी’ किंवा ‘इंग्रजी’ असा येत नाही. नाव तिन्ही लिप्यांत साठवायचं, जुळणी सभासदाला आधीच दिलेल्या ओळखक्रमांकावर करायची, पासबुक आणि पावती सभासदाच्या भाषेत, एसएमएस संस्थेने खर्च बघून ठरवायचा. जुन्या रूढीचे असे तुकडे केले की कुठला तुकडा ठेवायचा आणि कुठला टाकायचा यावर भांडण बरंच कमी होतं.

बाहेरचा पुरावा वाचताना

‘अभ्यासात सिद्ध झालंय’ हेही पुष्कळदा नव्या पिढीचं ‘पहिल्यापासून असंच आहे’ असतं. आकडा ऐकला की चार प्रश्न: किती माणसांवर बघितलं, कशाची कशाशी तुलना, सांगणाऱ्याचा माल विकायचा आहे का, आणि तिथलं काम आपल्यासारखं आहे का.

चांगला प्रोग्रामर वाईटाच्या दहापट किंवा अठ्ठावीसपट असतो, हे वाक्य १९६८ च्या एका अभ्यासापर्यंत जातं. त्यात अनुभवी प्रोग्रामर बारा होते, आणि अभ्यास मुळात माणसांची तुलना करायला नव्हताच. संगणकावर थेट बसून काम करणं बरं की बॅचमध्ये (काम देऊन उत्तराची वाट बघत), हे बघायचं होतं. त्यावर आज पगार ठरवणं म्हणजे बारा बैल बघून अख्ख्या बाजाराचा भाव काढणं.

उशिरा सापडलेला बग शंभरपट महाग पडतो, हे आणखी एक. १९८१ मध्ये सॉफ्टवेअर खर्चाचे अभ्यासक बॅरी बोम यांनी मांडलेल्या आकड्यांतही लहान प्रोजेक्टसाठी ही पट चारच्या आसपास होती. ती ओळ कुणी सांगत नाही. पुढे २०१६ मध्ये १७१ प्रोजेक्टची माहिती तपासणाऱ्या अभ्यासात उशिरा दुरुस्त केलेले दोष नेहमीच जास्त वेळ खातात असा पुरावा मिळाला नाही. याचा अर्थ टेस्टिंग शेवटी ढकला असा नव्हे. शंभर हा आकडा कोटेशनात घालू नका, एवढाच.

वॉटरफॉलचं, म्हणजे एकेक पायरी संपवतच पुढे जाण्याच्या पद्धतीचं, मूळ म्हणून दाखवला जाणारा विन्स्टन रॉइस यांचा १९७० चा लेख तर सरळ पायऱ्यांनी एकदाच खाली उतरण्याची पद्धत धोक्याची आहे असं सांगतो. लोकांनी पहिलं चित्र घेतलं, पुढचं वाचलं नाही.

कोडच्या आधी त्याची टेस्ट लिहिण्याबद्दल २००८ चा एक अभ्यास कामाचा आहे: मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएममधल्या चार टीममध्ये दोषांची घनता ४० ते ९० टक्क्यांनी कमी झाली आणि सुरुवातीचा वेळ, टीमप्रमुखांच्या अंदाजाप्रमाणे, १५ ते ३५ टक्क्यांनी वाढला. यात दोन्ही बाजूंचे आकडे आहेत म्हणून तो विश्वासाचा वाटतो. पण टीम चारच, त्याही मोठ्या कंपन्यांतल्या. आपल्याकडे व्याज आकारणीच्या मॉड्यूलला ही पद्धत लावून बघावी, पावतीच्या छपाईला नको: व्याजात उत्तर आधी ठाऊक असतं, छपाईत डोळ्यांनीच बघावं लागतं. कुठली प्रोग्रामिंग भाषा घेतली की बग कमी, यावर २०१४ साली गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरच्या प्रोजेक्टवरून बरेच निष्कर्ष निघाले. २०१९ मध्ये दुसऱ्यांनी तेच गणित पुन्हा केलं तेव्हा बहुतेक टिकले नाहीत. टीमला जी भाषा येते ती घ्या आणि पुढे चला.

स्वतःचा प्रयोग

प्रयोगाआधी कागदावर तीन ओळी लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या: आम्हाला काय होईल असं वाटतं, कुठला आकडा आला तर पद्धत बदलू, आणि कुठल्या तारखेला थांबू. हे आधी लिहिलं नाही तर निकाल आल्यावर प्रत्येक जण ‘मी हेच म्हणत होतो’ म्हणतो.

वेगाचा प्रयोग घ्या. रविवारी रात्री इंडेक्स नव्याने बांधल्याने सोमवारी थकबाकीची यादी लवकर निघते, असा समज आहे. तपासायचं तर खऱ्या डेटाची पूर्ण प्रत घ्या आणि सभासदांचे फोन, आधार क्रमांक आधी बदलून टाका. पाचशे नोंदींच्या नमुन्यावर काहीही वेगवान दिसतं. तीच यादी अकरा वेळा काढा, पहिली वेळ सोडून द्या कारण तेव्हा माहिती डिस्कवरून येते आणि पुढे मेमरीतून. नवा आणि जुना प्रकार आलटून पालटून चालवा. सगळे जुने आधी आणि सगळे नवे नंतर असं केलं तर मध्येच सुरू झालेला बॅकअप निकाल बिघडवतो. मधली किंमत आणि सगळ्यात वाईट किंमत दोन्ही लिहा, सरासरी नको. पोस्टग्रेस असेल तर एक्स्प्लेन ॲनालाइझ ही आज्ञा लावून वेळ नेमका कुठे जातो ते बघा. बरेचदा दिसतं की इंडेक्स ठीक आहे, पण क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) तो वापरतच नाही, कारण तारखेचा कॉलम फंक्शनमध्ये गुंडाळलेला आहे. क्वेरीतली ती एक ओळ बदलली की रविवारच्या रात्रीचं जागरण संपतं.

मग हाच प्रयोग ऑफिसच्या लॅपटॉपवर न करता शाखेत करा. जांबोटी-कणकुंबीकडे जुलैत पाऊस लागला की नेटवर्क येतं-जातं. पिग्मी एजंटच्या (रोजची बचत दारोदार गोळा करणाऱ्याच्या) मशीनची सिंक, म्हणजे शाखेशी नोंदी जुळवणं, जानेवारीत टिळकवाडीत तपासली तर ती पासच होणार. कारखान्याच्या वजनकाट्याचंही तसंच. ऑगस्टमध्ये काट्यावर चिटपाखरू नसतं, हंगामात ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत. ऑफ-सीझनला चाचणी घ्यायचीच असेल तर गेल्या हंगामातल्या सगळ्यात गर्दीच्या दिवसाच्या नोंदी काढून त्याच अंतराने पुन्हा चालवा.

बग मोजताना आणखी एक खड्डा आहे. कोड रिव्ह्यू (एकाचा कोड दुसऱ्याने तपासणं) सुरू करण्याआधी महिन्यात नऊ बग, नंतर पाच. झाली का सुधारणा? दोन्ही संख्यांची बेरीज करा, तिचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा. फरक त्याहून मोठा असेल तरच सुधारणा माना. ९ आणि ५ मिळून १४, वर्गमूळ सुमारे ३.७, दुप्पट ७.५. फरक फक्त चारचा. नुसत्या नशिबानेही एवढा हेलकावा येतो. तीसचे बारा झाले तर बेरीज ४२, वर्गमूळ ६.५, दुप्पट १३, फरक १८. इथे काहीतरी घडलंय. लहान टीमला महिन्यात एवढे बग नसतात, म्हणून तिमाही धरा. आणि मार्चची तुलना मार्चशीच. एप्रिलमध्ये बग कमी झाले यात तुमचं कौतुक काही नाही, तेव्हा काउंटरवर गर्दीच नसते.

प्रयोग फसला तर लाजायचं कारण नाही. मायक्रोसॉफ्टने आपल्या ऑनलाइन चाचण्यांविषयी जाहीर सांगितलं आहे की नीट तपासलेल्या कल्पनांपैकी ज्यासाठी त्या काढल्या ते खरंच सुधारणाऱ्या साधारण एक तृतीयांशच निघाल्या.

ठरवायची बैठक

मोठे सर आधी बोलले की बाकीचे पोर गप्प. म्हणून बोलण्याआधी प्रत्येकाने आपलं मत आणि एक कारण चिठ्ठीवर लिहायचं, सरांनी सुद्धा. सगळ्यात नव्या माणसाची चिठ्ठी पहिली वाचायची. ज्याने जुनी पद्धत आणली तो समोर बसलेला असेल तर चर्चा ‘तेव्हा काय परिस्थिती होती’ इथून सुरू करा. मान राखला गेला की तीच माणसं असे तपशील देतात जे कुठल्याच कोडमध्ये नसतात.

पुरावा किती मागायचा हे चूक उलटवता येते का यावर ठेवा. बटणाचा रंग, रिपोर्टची मांडणी, बैठक सोमवारी की मंगळवारी, हे करून बघा आणि पटलं नाही तर परत फिरवा. ऐंशी अक्षरांची ओळ हा आकडा आयबीएमच्या १९२८ च्या पंच कार्डापर्यंत जातो, पण टीममध्ये सगळ्यांची ओळ सारखी असली की पुरे. त्यावर अर्धा दिवस घालवू नका. व्याज रुपयात पूर्णांक करायचं की पैशात, खातेक्रमांकाची रचना, जुन्या नोंदी काढून टाकणं, हे परत फिरवता येत नाही. तिथे दोन महिने जुनं-नवं जोडीने चालवून रोजची बेरीज पैशापर्यंत जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही.

शुक्रवारच्या रिलीझचं काय? गेल्या वर्षभरातल्या रिलीझ आणि त्यानंतर दोन दिवसांत आलेले तातडीचे फोन यांची वारानुसार यादी करा. फोनची संख्या सगळ्या वारी सारखीच असेल, तरी शनिवारी सपोर्टवाला गावी जातो का हे बघा. धोका कोडमध्ये नसून दुरुस्तीला माणूस नसण्यात असेल, तर रूढी बरोबरच आहे, फक्त तिचं कारण वेगळं लिहावं लागेल.

निर्णयाचा कागद

एक पान, कोडच्याच फोल्डरमध्ये. तारीख, काय ठरलं, आणखी कुठले पर्याय होते, कुठल्या आकड्यावरून ठरलं, कुणाचा विरोध होता आणि का, पुन्हा कधी बघायचं. ‘पुन्हा कधी’ ला तारीख किंवा घटना हवी: ‘शेवटचा जुना प्रिंटर काढला की’, ‘सभासद पन्नास हजारांवर गेले की’. टीममध्ये बोलणं मराठी-कानडीत चालतं आणि लिहिताना सगळे इंग्रजीकडे वळतात, तिथे कारणाचा अर्धा अर्थ गळतो. कारण ज्या भाषेत सांगितलं गेलं त्याच भाषेत लिहा. गिटच्या कमिट संदेशात देवनागरी आणि कानडी दोन्ही नीट चालतात.

पासबुकाच्या त्या ओळीशेजारी मग अशी टीप येते: ‘जुना डॉट मॅट्रिक्स छपाई संपल्याचं कळवत नाही म्हणून थांबा. नव्या प्रिंटरला शून्य, जुन्याला दोन सेकंद. दोन्ही जुने प्रिंटर गेले की ही सेटिंग काढावी.’